फुकटचे अश्रू

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री फराळाची ताटे उचलून झाली आणि नातवंडांनी टीव्हीवर ‘देवदास’ लावला. संजय लीला भन्साळी यांनी २००२ साली काढलेला, झुंबरांनी आणि जरीच्या साड्यांनी लखलखणारा. मुलांच्या दृष्टीने तोच ‘जुना देवदास’. मी आरामखुर्चीत बसल्या बसल्या निषेधाची तयारी केली. ज्याने मूळ पुस्तक वाचलेले असते, त्याला सिनेमा पाहताना एक पवित्रा घ्यावाच लागतो. लग्नात न बोलावलेल्या काकासारखा तो कोपऱ्यात बसतो आणि कुठे काय चुकले ते मोजतो.

मोजायला भरपूर होते. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांचा देवदास शिकायला जातो कलकत्त्याला. हा परत येतो लंडनहून. कादंबरीत पार्वती आणि चंद्रमुखी एकमेकींना कधीही भेटत नाहीत. इथे दोघी दुर्गापूजेत हातात हात घालून नाचतात. कादंबरीतली पारो शेजारच्या घरातली साधी मुलगी; इथे ती देवदाससाठी वर्षानुवर्षे एक दिवा तेवत ठेवते. प्रत्येक चूक मी मोठ्याने जाहीर करीत होतो. सुनेने दोनदा ‘बाबा, ऐकू द्या ना’ म्हटले. मग मी गप्प बसलो, आणि गप्प बसल्यावर व्हायचे तेच झाले. शेवटी देवदास पारोच्या दाराशी मरायला येतो, ती वाड्यातून धावत सुटते, आणि तो प्रचंड दरवाजा तिच्यासमोर बंद होऊ लागतो, तेव्हा मी चष्मा काढून उपरण्याच्या टोकाने पुसू लागलो.

धाकट्या नातीने नेमके पाहिले. ती म्हणाली, “आजोबा, सगळं खोटं आहे म्हणता, आणि रडता? आणि रडून पुन्हा बरं वाटतंय असं तुमच्या तोंडावर दिसतंय!”

मुलांना थोरांचे तोंड फार चांगले वाचता येते. मला खरोखरच बरे वाटत होते. पण ते का वाटावे, आणि वाटणे योग्य की अयोग्य, या प्रश्नाने त्या रात्री माझी झोप उडवली. त्यातले जे थोडे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला प्रश्न मूळ पुस्तकाशी इमान राखण्याचा. तो वाटतो तितका अवघड नाही. शरच्चंद्रांचा जन्म १८७६ चा. ‘देवदास’ त्यांनी ऐन तारुण्यात लिहिला, पण छापायला ते राजी नव्हते. १९१७ साली तो वाचकांपुढे आला. पुढे १९३५ साली प्रमथेश बरुआंनी बंगालीत बोलपट काढला आणि देवदासची भूमिकाही स्वतःच केली. मागोमाग न्यू थिएटर्सचाच हिंदी ‘देवदास’ आला, त्यात सैगल होते. त्या हिंदी बोलपटाचा कॅमेरा ज्यांच्या हाती होता त्या बिमल रॉय यांनी १९५५ साली स्वतः ‘देवदास’ काढला. त्यात दिलीपकुमार, सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला. आमच्या वडिलांच्या मते खरा देवदास सैगलचाच, बाकीची नक्कल. माझ्या मते खरा दिलीपकुमारचा. माझा मुलगा शाहरुख खानसाठी भांडतो. ज्याने ज्या वयात जो देवदास पाहिला, तो त्याच्यापुरता मूळ ग्रंथ होऊन बसतो.

आणि गंमत अशी की, तो बंद होणारा दरवाजा, ज्याच्यासाठी आमच्या घरातल्या तीन पिढ्या रडल्या, तो कादंबरीत नाहीच. ती भर बरुआंची. कादंबरीत देवदास पारोच्या सासरच्या घरासमोर झाडाखाली रात्रभर पडून राहतो आणि सकाळी मरतो. तो कोण, हे पारोला कळते ते त्याचा देह नेऊन जाळल्यावर. ती वेड्यासारखी बाहेर धावते, नवरा ‘धरा तिला’ म्हणून ओरडतो, आणि नोकर तिला बेशुद्ध अवस्थेत घरात आणतात. दरवाजा नाही, टाळी घेणारा प्रसंग नाही. आहे ती चुकलेली वेळ. पण बरुआंना ती चुकलेली वेळ डोळ्यांना दिसेल अशी करायची होती, म्हणून त्यांनी लाकडाचा दरवाजा लावला. बिमल रॉय यांनीही असेच केले. त्यांच्या चित्रपटात पारो पालखीतून जाते, चंद्रमुखी पायी येते, दोघी रस्त्यात क्षणभर एकमेकींकडे पाहतात आणि एक अक्षरही न बोलता आपापल्या वाटेने जातात. हे पुस्तकात नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्यालाही ते आवडले असते, असे मला नेहमी वाटते. करंजीचे सारण आजीच्या हातचे असावे. मुरड मात्र जिची तिने आपल्याच बोटांनी घालावी. तेव्हा चित्रपटात पुस्तकाची बरहुकूम नक्कल नसली म्हणून त्याचा आनंद घेण्यात पाप नाही. माझा निषेध बराचसा आपण पुस्तक वाचले आहे हे चारचौघांना कळावे यासाठी होता, हेही कबूल करून टाकतो.

दुसरा प्रश्न नातीचा, आणि तो जास्त जुना आहे. दुःख पाहून बरे का वाटावे? मी चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, त्यामुळे उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. आपल्याकडे करुण हा रस मानला आहे, आणि रस म्हणजे ज्याचा आस्वाद घ्यायचा ते. हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्ताने याची उकल केली. रंगभूमीवरचा शोक हा माझा नसतो, माझ्या शत्रूचा नसतो, शेजाऱ्याचाही नसतो. ‘कुणाचा’ ही त्याला चिकटलेली चिठ्ठी गळून पडते आणि तो सर्वांचा होतो. शोक माझा असता तर मी त्यात बुडालो असतो. सर्वांचा झाला म्हणून त्याची चव घेता येते. मी हे नातीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. ती “अच्छा” म्हणाली आणि झोपायला गेली.

मी मात्र जागाच राहिलो. कारण उत्तर देता देता मला माझी मामी आठवली होती.

माझा एकुलता एक मामा दारू पीत असे. देवदास झाला म्हणून नव्हे; त्याच्या आयुष्यात कुणी पारो नव्हती. गिरणीतली नोकरी सुटली, मग भागीतला धंदा बुडाला, मग सवय लागली. त्याआधीचा मामा मला लख्ख आठवतो. दिवाळीच्या आधी दोन दिवस तो येई, अंगणात कामट्या सोलीत बसे आणि लाल-हिरव्या पातळ कागदांचा आकाशकंदील करी. खळ मी ढवळायची. त्या कंदिलाच्या शेपट्या त्याच्याइतक्या सरळ कुणाला कापता येत नसत. पुढे पुढे त्याचा हात थरथरू लागला आणि आकाशकंदील बाजारातून येऊ लागला.

१९६१ सालची भाऊबीज. मी तेरा वर्षांचा. संध्याकाळी मामा आला तो ओट्याची पायरी चुकूनच. हातात ओवाळणीचे काहीतरी कागदात गुंडाळलेले होते, आणि तोंडाने तो आईचे माहेरचे नाव घेऊन हाका मारीत होता. आळीतली माणसे दारात आली. वडील म्हणाले, “दार उघडायचं नाही.” आई माजघरात तबक घेऊन उभी होती, निरांजन लावलेले, सुपारी, अक्षता, सगळे मांडलेले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि मी पुढे होऊन कडी घातली. मला त्या वेळी वाईट वाटले नाही. खरे सांगायचे तर मोठ्या माणसाचे काम केल्याचा अभिमान वाटला. मामा थोडा वेळ ओट्यावर बसला आणि मग उठून गेला. दोन वर्षांनी तो वारला. तेव्हाही घरात फारसे कुणी रडले नाही. ‘सुटला बिचारा’ असे म्हणाले, आणि ‘ती सुटली’ असे मामीबद्दल म्हणाले.

मामी त्यानंतर पुण्याला येऊन चार घरचे डबे करून देऊ लागली. मी १९६७ साली कॉलेजात होतो आणि तिच्याकडेच जेवत असे. जुन्या चित्रपटांच्या एका सकाळच्या खेळाला बिमल रॉय यांचा ‘देवदास’ लागला, तेव्हा मी हट्टाने तिला घेऊन गेलो. तिने उभ्या आयुष्यात पाहिलेले सिनेमे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी चित्रपटभर रडलो. दरवाजा बंद झाला तेव्हा तर हुंदका आवरेना. मामी कोरड्या डोळ्यांनी पदर सावरून बसली होती.

बाहेर उन्हात आल्यावर मी विचारले, “मामी, आवडला ना?”

“चांगला आहे हो,” ती म्हणाली. “माणूस देखणा आहे.” मग थोडे चालून गेल्यावर म्हणाली, “सिनेमात वास येत नाही, हे एक बरं असतं.”

ती हे टोमणा म्हणून म्हणाली नाही. भाजी महाग झाली म्हणावे, तशा सुरात म्हणाली. पण माझ्या घशातला आवंढा तिथल्या तिथे थिजला. दोन-अडीच तास मी ज्याच्यासाठी रडलो, तसलाच एक माणूस माझ्या दाराशी आला होता, आणि कडी मी घातली होती.

पुढे पुष्कळ वर्षांनी विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १८९० सालच्या ग्रंथात मला हीच गोष्ट भेटली. नाटकातल्या पात्रांसाठी अश्रू ढाळणाऱ्या एका रशियन बाईचे उदाहरण तो देतो. ती आत रडत असते आणि बाहेर तिचा गाडीवान आपल्या जागेवर थंडीने गारठून मरत असतो. त्याच्याही आधी, १७५८ साली, रूसोने नाटकांवर हाच आक्षेप घेतला होता. खोट्या दुःखाला अश्रू दिले की माणसाला आपले देणे फिटल्यासारखे वाटते, आणि खऱ्या दुःखासाठी काही द्यायचे उरले आहे हे तो विसरतो. माझे १९६७ सालचे अश्रू या हिशेबाने फुकटचेच होते. त्यांची किंमत मला पडली नव्हती, आणि कुणाला त्यांचा उपयोगही झाला नव्हता.

मग असल्या चित्रपटांत रमणे वाईटच का? बरीच वर्षे मी तसे मानले. ‘देवदास’ लागला की मी उठून जात असे. आता मात्र मला वाटते, की त्या वेळी मी अर्धाच विचार केला होता.

पहिली गोष्ट अशी की, वास येत नाही हा सिनेमाचा दोष आहे तसा गुणही आहे. मामा दाराशी आला तेव्हा मला मामा दिसलाच नव्हता. मला दिसली आळीतली माणसे, वडिलांचा चेहरा, शाळेत मुले काय म्हणतील ते. भीती आणि लाज यांच्या पलीकडे माणूस दिसायला थोडे अंतर लागते. ते अंतर मला चित्रपटगृहाच्या अंधाराने दिले. दारुडा माणूससुद्धा आतून काहीतरी असतो, हे मी तिथे प्रथम पाहिले. मामीच्या बोलण्याने मला बोचले, ते तरी का? आत काहीतरी ओले झाले होते म्हणूनच ना? कोरड्या जमिनीत खुंटी रुतत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, त्या अंतराची एक लबाडी असते आणि ती ओळखून असावे. पडद्यावर दुःख भोगणारा माणूस इतका सुंदर होतो, की त्याच्यापायी दुःख भोगणारी माणसे मागे सरकतात. लहानपणापासूनच्या मैत्रिणीच्या कपाळावर देवदास मासे पकडायच्या काठीने घाव घालतो आणि तिला जन्मभराचा वण देतो. आपण ते प्रेमाची खूण म्हणून पाहतो. मामीच्या मनगटावरही एक वण होता. त्याला कुणी खूण म्हटले नाही. चित्रपटानंतर मी वाचनालयातून पुस्तक आणले. त्या काळी मामा वरेरकरांच्यामुळे शरच्चंद्र मराठी घराघरांतले होते. वाचताना माझ्या लक्षात आले, की शरच्चंद्रांनी या लबाडीला फारसा थारा दिलेला नाही. त्यांचा देवदास दुबळा आहे. पारो रात्री सगळी लाज सोडून त्याच्या खोलीत येते, तेव्हा त्याला निर्णय करता येत नाही. नंतर कलकत्त्याहून तो तिला तोडणारे पत्र लिहितो आणि पत्र गेल्यावर पस्तावतो. उलट त्या दोन बायका कर्तबगार आहेत. पारो बिजवराचे भरले घर सावरते आणि आपल्याएवढ्या सावत्र मुलांना आपलेसे करते. चंद्रमुखी धंदा सोडून एका खेड्यात मातीच्या घरात राहते आणि गोरगरिबांच्या उपयोगी पडते. पडद्यावर ज्यांना मिनिटे मिळाली त्यांना पुस्तकात पाने मिळाली आहेत. चित्रपट पाहून पुस्तकाकडे जावे ते एवढ्यासाठी. चुका मोजण्यासाठी नव्हे.

आणि पुस्तकाचा शेवट वाचून तर मी थबकलोच. देवदास मेल्यावर लेखक कथा सोडून सरळ वाचकाशी बोलू लागतो. असा कुणी अभागी तुम्हांला भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे तो विनवतो; मरण कुणाला चुकले नाही, पण निदान त्या वेळी कपाळावर एखादा मायेचा हात असावा, कुणाच्या तरी डोळ्यांत पाण्याचा एक थेंब पाहून त्याला जाता यावे, एवढेच त्याचे मागणे आहे. चित्रपट दरवाजा बंद करून संपतो. दिवे लागतात आणि आपण चपला शोधू लागतो. कादंबरी मात्र वाचकाच्या अंगावर काहीतरी टाकून संपते. रडलात ना, मग आता हे करा, असे ती सांगते.

जेम्सनेही रोग सांगून उपाय सांगितलाच आहे. नाट्यगृहात किंवा गाण्याच्या बैठकीत मन हेलावले, तर ते तसेच विरू देऊ नका, त्यानंतर काहीतरी करा. फार मोठे नको. घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी दोन शब्द प्रेमाने बोला, गाडीत कुणाला आपली जागा द्या. मला हा उपाय त्याच्या साधेपणामुळेच पटतो. करुण रसाचा आस्वाद घेतल्याबद्दल कुणी दंड भरायचा नाही. फक्त चव घेऊन झाल्यावर ताट तसेच टाकून उठायचे नाही.

मी काय केले, हे सांगायला हवे. फार उशिरा केले. मामा गेल्यापासून आई दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळीत असे. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. एका वर्षी तिने अंगणात तबक खाली ठेवले आणि मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, “आई, त्या दिवशी कडी मी घातली होती.”

ती म्हणाली, “मला माहीत आहे. मी बघतच होते की. माझे हात रिकामे नव्हते, एवढीच माझी सबब.”

मी म्हणालो, “बाबांचंही चुकलं असं नाही. तो घरात आला असता तर मुलं घाबरली असती.”

“नाहीच चुकलं,” ती म्हणाली. “दार उघडण्याजोगा तो राहिला नव्हता.” मग बराच वेळ ती निरांजनाकडे पाहत राहिली. “पण अरे, खिडकी होती ना ओट्यावर उघडणारी. गजांतून ओवाळता आलं असतं. सुचलं नाही कुणालाच.”

भन्साळींच्या पारोने तेवत ठेवलेल्या दिव्यावर मी गेल्या पाडव्याला टीका केली, ती ‘हे पुस्तकात नाही’ म्हणून. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आमच्या माजघरातले ते निरांजन दिसू लागले. तेही कुठल्या पुस्तकात नव्हते, आणि तेही ज्याच्यासाठी लावले होते त्याच्यापर्यंत पोचले नाही. मी टीव्हीसमोर रडलो ते देवदाससाठी, पारोसाठी की मामासाठी, हे मला नक्की सांगता येणार नाही. अभिनवगुप्त म्हणेल, चिठ्ठी गळून पडली होती म्हणूनच रडता आले. ते खरे असेल. पण सिनेमा संपल्यावर ती चिठ्ठी जमिनीवरून उचलून तिच्यावरचे नाव वाचावे, असे आता मला वाटते.

आमच्या घरात मामाचे नाव कुणी घेत नाही. नातवंडांना तो होऊन गेला हेसुद्धा ठाऊक नाही. यंदा ती खुशाल कुठलाही सिनेमा लावोत. मी बरोबर बसून पाहीन, चुका मोजणार नाही, आणि रडू आले तर चष्मा लपवणार नाही. पण त्याआधी कामट्या आणि पातळ कागद आणून ठेवायला सांगितले आहे. खळ धाकटी नात ढवळील. शेपट्या मला सरळ कापता येत नाहीत. त्या कोण किती सरळ कापीत असे, ते कापता कापता तिला सांगायचे ठरवले आहे.